द्राक्षबागायतदारांच्या फोन-बैठकीसाठी तीन भाषांतील ध्वनिसूचना : प्रकल्प नोंदी

१ जुलै २०२४, तासगाव

बागायतदार गटाच्या फोन-बैठकीची यंत्रणा आता मराठी, कन्नड आणि हिंदी अशा तीन भाषांत बोलती करण्याचे काम आजपासून हाती घेतले आहे. गटाचे सभासद तासगाव, मिरज, कवठेमहांकाळ आणि जत या तालुक्यांत विखुरलेले आहेत, आणि छाटणीच्या हंगामात दर आठवड्याला एका द्राक्ष सल्लागारांशी सर्वांची एकत्र चर्चा फोनवरूनच होते. मोबाइलच्या पडद्यावरची बैठक या कामी उपयोगाची ठरत नाही, कारण सभासद त्या वेळी बागेत असतात, हाताला औषध लागलेले असते, अनेकांकडे अजून बटनांचा फोन आहे आणि जत पूर्वच्या गावांत डेटाचा भरवसा नाही. साधा फोन मात्र लागतो.

सर्व्हर कार्यालयातच आहे. त्यावर ॲस्टरिस्क या टेलिफोन एक्स्चेंज चालवणाऱ्या संगणक प्रणालीची विसावी आवृत्ती चालते, बैठकीसाठी त्यातलाच, अनेकांना एका चर्चेत जोडणारा कॉन्फब्रिज हा भाग वापरला जातो आणि बाहेरचे फोन पीआरआय लाइनवरून, म्हणजे एका वेळी अनेक कॉल आणणाऱ्या डिजिटल लाइनवरून येतात. अशा एका लाइनवर एका वेळी ३० जण बोलू शकतात. सल्लागार आणि सूत्रसंचालक कार्यालयातल्या दोन आयपी (संगणक-नेटवर्कवर चालणाऱ्या) फोनवर बसतात, म्हणजे एका बैठकीत जास्तीत जास्त ३२ जण. हा आकडा पुढे फार उपयोगी पडणार आहे, म्हणून तो पहिल्याच नोंदीत लिहून ठेवत आहे.

सध्या यंत्रणा इंग्रजीतून पिन मागते. जतकडचे काही सभासद तो आवाज ऐकताच, नंबर चुकला असे समजून फोन ठेवतात. मराठी केली तरी त्यांचा प्रश्न पुरता सुटत नाही, कारण संख, उमदी या बाजूला घरातली बोली कन्नड आहे आणि तिकडच्या जिल्हा परिषद शाळाही कन्नड माध्यमाच्या आहेत. हिंदीची गरज बेदाणा आणि द्राक्ष खरेदीला येणाऱ्या परप्रांतीय व्यापाऱ्यांसाठी आहे. ती हंगामाच्या शेवटी लागेल, पण आवाजाची रचना एकदाच करावी असे ठरले. सप्टेंबरात गोडी छाटणी, म्हणजे फळांसाठीची छाटणी, सुरू होण्यापूर्वी सर्व काम पूर्ण झाले पाहिजे.

४ जुलै

यंत्रणा भाषा कशी निवडते, ते आज नीट पाहून घेतले. ॲस्टरिस्कमध्ये भाषा हा चॅनेलचा, म्हणजे प्रत्येक फोन-कॉलच्या स्वतंत्र जोडणीचा, गुण असतो. चॅनेलची भाषा मराठी ठरवली की यंत्रणा ध्वनींच्या मुख्य फोल्डरातील ‘एमआर’ या उपफोल्डरात जाऊन त्याच नावाची फाइल शोधते. कन्नडसाठी ‘केएन’, हिंदीसाठी ‘एचआय’. फाइलींची नावे सर्व भाषांत एकच राहतात, त्यामुळे बैठकीच्या कार्यक्रमात भाषेनुसार वेगळ्या फांद्या काढाव्या लागत नाहीत. ही रचना सोपी आणि चांगली आहे.

तिची दुसरी बाजू अशी, की मराठी फोल्डरात एखादी फाइल नसेल, तर यंत्रणा काही न बोलता इंग्रजी फाइल वाजवते. कोणत्याच भाषेत फाइल नसेल तेव्हाच इशारा उमटतो. शिवाय लॉगमध्ये, म्हणजे यंत्रणेच्या कामाच्या नोंदवहीत, प्रत्येक वाजलेल्या फाइलपुढे जी भाषा छापलेली दिसते ती चॅनेलची असते, फाइलची नसते. म्हणजे कानावर इंग्रजी पडत असताना लॉगमध्ये मराठी अशीच नोंद असते. केवळ लॉग वाचून भाषांचे काम झाले असे मानता येणार नाही. त्यासाठी फोल्डरांतील नावे ताडून पाहणारी एक छोटी स्क्रिप्ट लिहिली, ती रोज रात्री चालेल आणि जे नाव इंग्रजीत आहे पण इतर तिन्हींपैकी एखाद्यात नाही, ते कळवील.

मात्र इंग्रजी संचातील शेकडो फाइलींपैकी आपल्याला लागतात मोजक्याच. कोणत्या लागतात हे नावांवरून ठरवता येत नाही. बैठकीच्या बहुतेक सूचनांची नावे ‘कॉन्फ’ने सुरू होतात खरी, पण सभासदाने आत येताना स्वतःचे नाव सांगावे यासाठी वाजणारी सूचना व्हॉइसमेलच्या कुटुंबातली आहे आणि तिचे नाव ‘व्हीएम’ने सुरू होते. त्यामुळे लॉगची पातळी वाढवून, प्रत्येक वाट प्रत्यक्ष फोन करून चालून, जी जी फाइल वाजली ती यादीत घेतली. चुकीचा पिन, कुलूप लावलेली बैठक, सूत्रसंचालक येण्यापूर्वीची वाट पाहणे, आवाज बंद-चालू करणे, बाहेर काढले जाणे, या सर्व वाटा त्यात आल्या. पिन तीनदा चुकल्यावर यंत्रणा फोन ठेवून देते. त्याआधी आपल्या भाषेत एक निरोपाचे वाक्य असावे, असे यादीच्या तळाशी लिहिले आहे.

९ जुलै

आजचा दिवस एकाच वाक्यावर गेला, आणि तो जाणे आवश्यक होते.

आत येणाऱ्याला बैठकीत किती जण आहेत हे सांगण्याची सोय कॉन्फब्रिजमध्ये आहे. ती तीन तुकड्यांनी बनते: आधी ‘सध्या आहेत’ या अर्थाचा तुकडा, मग आकडा, मग ‘बैठकीत इतर सहभागी’ या अर्थाचा तुकडा. हा क्रम इंग्रजी वाक्याचा आहे. पहिल्या तुकड्यात ‘बैठकीत सध्या’ आणि शेवटच्यात ‘जण आहेत’ असे ध्वनिमुद्रण करून मराठी वाक्य त्यात बसवता येते, कारण तुकड्यात काय बोलायचे हे आपल्या हातात आहे. फक्त क्रम नाही. खरा अडथळा मधल्या आकड्याचा आहे.

ॲस्टरिस्कच्या गाभ्यात अनेक भाषांसाठी आकडे बोलण्याचे नियम लिहिलेले आहेत, पण मराठीचा नियम त्यात नाही, आणि ज्या भाषेचा नियम नसतो तिला इंग्रजीचा लागू होतो. त्या नियमाने वीसच्या पुढचा आकडा दोन फाइली जोडून तयार होतो. पंचवीस जण असतील तर यंत्रणा ‘वीस, पाच’ असे म्हणेल. मराठीत एक ते शंभर यांतल्या प्रत्येक आकड्याला स्वतःचे रूप आहे, एकोणतीस हा शब्द वीस आणि नऊ यांतून घडवता येत नाही, त्यामुळे शंभर आकड्यांच्या शंभर फाइली लागतात आणि ‘से.कॉन्फ’ या फाइलमध्ये मराठीसाठी नवा नियम लिहून तो चालू करावा लागतो. ते करता येते. हिंदीचेही तसेच आहे. कन्नडमध्ये दशक आणि एकक यांचा क्रम इंग्रजीसारखाच असल्याने ‘इप्पत्तु’ आणि ‘ऐदु’ एकापाठोपाठ वाजले तर अर्थ लागतो, पण बोलताना माणूस ‘इप्पत्तैदु’ असे जोडून म्हणतो, आणि मधल्या फटीमुळे ऐकणाऱ्याला दोन आकडे सांगितल्यासारखे वाटते.

एवढे करूनही वाक्य सरळ होत नाही. आपण ‘दोन जण आहेत’ म्हणू शकतो, पण गावात कोणी तसे म्हणत नाही. दोघे, तिघे, चौघे असेच म्हणतात, आणि पाचपासून पुढे पाच जण, सहा जण. कन्नडमध्येही ‘इब्बरु’, ‘मूवरु’, ‘नाल्वरु’ अशी माणसांसाठीची वेगळी रूपे आहेत. तीन तुकड्यांच्या साच्यात ही रूपे बसवायची कुठे?

येथे ३२ हा आकडा कामी आला. आत येणारा स्वतः धरून बैठक ३२ जणांची असेल, तर त्याला सांगायच्या आकड्यांची मर्यादा शून्य ते एकतीस एवढीच आहे. मग आकडा जोडण्याचा खटाटोप करण्यापेक्षा प्रत्येक संख्येसाठी आख्खे वाक्यच ध्वनिमुद्रित करावे, हे उत्तम. कॉन्फब्रिजमधली संख्या सांगण्याची सोय बंद ठेवायची, सभासद आत जाण्यापूर्वी डायलप्लॅनमध्ये (आलेल्या कॉलचे काय करायचे हे ठरवणाऱ्या आज्ञावलीत) बैठकीतील उपस्थितांची संख्या विचारून घ्यायची आणि त्या क्रमांकाची फाइल वाजवायची. शून्याच्या फाइलमध्ये ‘आपण पहिलेच आहात, कृपया थोडा वेळ थांबावे’ असे वाक्य जाईल. एकतीसच्या वर संख्या जाऊ नये म्हणून बैठकीची कमाल मर्यादाही ३२ ठेवली.

प्रत्येक भाषेत बत्तीस वाक्ये म्हणजे वाचणाऱ्याला कंटाळवाणे काम आहे, हे कबूल. पण ते एकदाच करायचे आहे, आणि त्यातून मिळणारे वाक्य कोठेही तुटत नाही. ध्वनिसूचना अनेक भाषांत आणताना शब्द बदलण्यापेक्षा वाक्याची जोडणीच नव्याने करावी लागते, हा या कामाचा गाभा मला वाटतो.

१३ जुलै

कोणी आत आले की सर्वांना ऐकू जाणारी घोषणा हा आजचा विषय. यंत्रणा सभासदाने स्वतःच्या आवाजात सांगितलेले नाव वाजवते आणि मागे ‘बैठकीत सामील झाले’ या अर्थाचा तुकडा जोडते. मराठीत तो तुकडा ‘आले’ म्हणावा की ‘आल्या’, हे यंत्रणेला कळण्याचा मार्ग नाही, आणि गटात महिला बागायतदारही आहेत. ‘यांचा प्रवेश झाला आहे’ अशी वळणाची रचना सुचवली गेली. ती चालली असती, पण सरकारी कार्यालयात टपाल आवक झाल्यासारखी वाटते.

त्याहून मोठी अडचण अशी, की ही घोषणा एका व्यक्तीसाठी नसून ती बैठकीच्या एकत्रित आवाजात एकदाच मिसळली जाते. पिनची सूचना ज्याच्या त्याच्या भाषेत वाजू शकते, कारण ती त्याच्याच चॅनेलवर वाजते. घोषणेला मात्र बैठकीची म्हणून एकच भाषा असते. ती बैठकीच्या सेटिंगमध्ये वेगळी लिहावी लागते आणि न लिहिल्यास इंग्रजी धरली जाते. तासगावचा माणूस, उमदीचा माणूस आणि परप्रांतातला व्यापारी एकाच वेळी ऐकत असताना त्या घोषणेची भाषा कोणती असावी?

माझे मत असे पडले की कोणतीही नसावी. नाव माणसाने स्वतःच सांगितलेले असते, ते सर्वांना कळते. त्यामागे आत येताना चढता आणि बाहेर जाताना उतरता असा लहान सूर ठेवला, तर शब्दाची गरज उरत नाही. घोषणेच्या तुकड्यांच्या जागी फाइलचे नाव बदलण्याची मुभा सेटिंगमध्ये आहेच. कार्यकारिणीतल्या एका ज्येष्ठ सभासदांनी ‘मराठी माणसांचा गट आहे, घोषणा मराठीतच हवी’ असा मुद्दा मांडला. त्यावर चर्चा झाली, आणि जतचे सदस्य शांतपणे म्हणाले, ‘अण्णा, तुमचं नाव मराठीतच ऐकू येतंय की सगळ्यांना.’ सूर मंजूर झाला.

२० जुलै, जत

कन्नड मजकूर पक्का करण्यासाठी जतला जाऊन आलो. कन्नड माध्यमाच्या शाळेतून निवृत्त झालेल्या एक शिक्षिका आवाज देणार आहेत. मराठीवरून कन्नड करून घेतलेला मजकूर मी बरोबर नेला होता, तो बाईंनी वाचला आणि बाजूला ठेवला. शब्द बरोबर आहेत, पण हे दूरच्या शहरातले कन्नड आहे, इथे असे कोणी बोलत नाही, असे त्यांचे म्हणणे पडले. त्यानंतर मी प्रत्येक प्रसंग मराठीत सांगायचा आणि त्या प्रसंगी जतच्या शेतकऱ्याला काय सांगावे ते बाईंनी थेट कन्नडमध्ये म्हणायचे, अशी पद्धत बसली. पिन मागण्याचे वाक्य त्यामुळे मूळ मजकुराच्या निम्म्याने लहान झाले.

मराठी मजकुरातही त्याच धर्तीवर काटछाट केली. ‘कृपया आपला कॉन्फरन्स पिन क्रमांक प्रविष्ट करा व त्यानंतर हॅश चिन्ह दाबा’ याऐवजी ‘बैठकीचा चार आकडी पिन दाबा आणि शेवटी चौकट दाबा’ असे ठेवले. इकडे हॅशच्या बटनाला बहुतेक जण चौकट म्हणतात, आणि ताऱ्याच्या बटनाला चांदणी.

२७ जुलै, तासगाव

ध्वनिमुद्रण. कार्यालयाला पत्र्याचे छप्पर असल्याने पावसात तेथे काम होण्यासारखे नव्हते, म्हणून एका सभासदांच्या घरातली, धान्याच्या पोत्यांची आतली खोली घेतली. पोत्यांमुळे आवाज घुमत नाही. समोरच्या उघड्या भिंतीवर दोन वाकळा टांगल्या, पंखा बंद केला आणि फोन बाहेर ठेवले.

मराठीसाठी गटाच्या हिशेबनीस मॅडमनी, तर हिंदीसाठी मिरजेतील एका परिचारिकेने आवाज दिला. मिरजेच्या रुग्णालयांत बाहेरून येणाऱ्या रुग्णांशी त्यांना दिवसभर हिंदीतच बोलावे लागते, त्यामुळे त्यांची हिंदी साधी आणि ऐकायला स्पष्ट आहे. जतच्या बाईही सकाळच्या एसटीने आल्या. तिघींनाही एकच सूचना दिली की समोर चिडलेला माणूस आहे असे न समजता, घाईत असलेला माणूस आहे असे समजून वाचावे.

आकड्यांच्या वाक्यांत एक गोष्ट लक्षात आली. ओळीने बत्तीस वाक्ये वाचताना आवाज हळूहळू खाली उतरतो आणि वेग वाढतो, कारण वाचणाऱ्याचे मन पुढच्या आकड्यावर गेलेले असते. यंत्रणेत मात्र हे वाक्य एकटेच वाजणार असते. त्यामुळे वाक्यांचा क्रम विस्कटून दिला: सतरा, चार, एकोणतीस, नऊ असा. त्यानंतर प्रत्येक वाक्य स्वतंत्र उभे राहिले.

शून्य ते नव्व्याण्णव हे सुटे आकडेही तिन्ही भाषांत वाचून घेतले. आज त्यांचा उपयोग नाही. परंतु उद्या पुढच्या बैठकीची तारीख किंवा वेळ यंत्रणेने सांगावी असे ठरले, तर त्या वेळी हाच आवाज, हीच खोली आणि हाच माइक मिळेल याची खात्री कोण देणार?

२ ऑगस्ट

सर्व मूळ फाइली ४८ किलोहर्ट्झवर जपून ठेवल्या आहेत. यंत्रणेसाठी त्यांतून दोन संच काढले: पीआरआय लाइनवरील फोनसाठी ८ किलोहर्ट्झ, १६ बिट, एकाच वाहिनीची वेव्ह फाइल आणि दोन आयपी फोनसाठी १६ किलोहर्ट्झचा संच. मूळ फाइल तशीच टाकली तर ॲस्टरिस्क ती वाजवत नाही, नमुन्यांचा दर जुळत नसल्याची तक्रार करून पुढे जाते. सॉक्स या साधनाने सर्व फाइलींवर एकच प्रक्रिया केली, ज्यात खालची घरघर गाळणे, पुढची-मागची शांतता कापणे आणि तिन्ही आवाजांची पातळी सारखी करणे एवढे येते. शेवटी थोडी शांतता मुद्दाम ठेवली, नाहीतर शेवटचे अक्षर तोडल्यासारखे ऐकू येते.

टेलिफोनच्या साध्या वाहिनीतून साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच आवाज जातो. ‘स’च्या उच्चाराची धार बरीचशी त्याच्या वर असते. संगणकावर स्वच्छ ऐकू येणारे ‘सहा जण’ आणि ‘दहा जण’ फोनवर एकमेकांच्या फार जवळ येतात. हे केवळ मोठ्याने वाचून सुटत नाही. सहाच्या वाक्यात ‘स’ किंचित लांबवून आणि दहाच्या वाक्यात ‘द’वर ठसका देऊन मॅडमनी दोन्ही वाक्ये पुन्हा वाचली, आणि यापुढे कोणतीही फाइल संगणकाच्या हेडफोनवर न तपासता बटनांच्या फोनवरच तपासायची असे ठरवले.

९ ऑगस्ट

कोणाला कोणत्या भाषेत बोलावे, हे यंत्रणेला कसे कळणार? पहिल्या फोनला तिन्ही भाषांतील निवड ऐकवायची, उत्तर ॲस्टरिस्कच्या अंतर्गत डेटाबेसमध्ये त्या क्रमांकापुढे लिहून ठेवायचे आणि पुढच्या वेळी न विचारता तीच भाषा लावायची, अशी व्यवस्था केली. फोन करणाऱ्याचा क्रमांक कधी शून्य लावून, कधी ९१ लावून, तर कधी नुसता दहा आकडी येतो. म्हणून शेवटचे दहा आकडेच किल्ली म्हणून घेतले. निवडीची प्रत्येक ओळ त्या त्या भाषेतील आवाजात आहे. मराठीची ओळ मराठीत, कन्नडची कन्नडमध्ये. ‘कन्नडसाठी २ दाबा’ हे मराठीत सांगण्यात काही अर्थ नाही. ओळी चालू असतानाच बटन दाबता आले पाहिजे, म्हणून त्या अडवता येणाऱ्या पद्धतीने वाजवल्या आहेत.

एकच फोन बाप आणि मुलगा दोघे वापरतात, अशी घरे बरीच आहेत. त्यासाठी स्वागताच्या वाक्यानंतर दोन सेकंद थांबा ठेवला असून त्यात ९ दाबल्यास निवड पुन्हा ऐकू येते. भाषा ठरवण्याची पायरी कॉन्फब्रिजमध्ये जाण्यापूर्वीच यावी लागते, कारण पिन विचारणारे वाक्य कॉन्फब्रिज स्वतः वाजवते आणि तेव्हा चॅनेलची जी भाषा असेल ती घेते.

१७ ऑगस्ट

चाचणीत एक विचित्र प्रकार आढळला. सूत्रसंचालकाच्या यादीतील काही घोषणा, उदाहरणार्थ सर्वांचे आवाज बंद केल्याची, एका बैठकीत मराठीत आणि दुसऱ्या बैठकीत कन्नडमध्ये वाजत होती. सेटिंग तेच होते. शोध घेतल्यावर कारण असे निघाले, की भाषा निवडणाऱ्या पायरीत चॅनेलबरोबर बैठकीचीही भाषा लावली जात होती, आणि बैठक जो पहिला आत येतो त्याच्या सेटिंगने उभी राहते. नंतर येणाऱ्यांनी काहीही आणले तरी ती बैठक संपेपर्यंत बदलत नाही. म्हणजे जतचा सभासद आधी आला तर घोषणा कन्नडमध्ये आणि मिरजेचा आला तर मराठीत.

तपासताना एकाच खुर्चीवरून, एकाच फोनने, एकच भाषा निवडून पाहणाऱ्याला हे कधीच दिसणार नाही. बैठकीची भाषा आता सेटिंगच्या फाइलमध्येच ठरवून ठेवली आहे आणि कॉल करणाऱ्याच्या निवडीशी तिचा संबंध तोडला आहे. सर्वांसाठीच्या ज्या घोषणांना सुराने भागत नाही, म्हणजे आवाज बंद होणे आणि पुन्हा चालू होणे, त्यांसाठी एकाच फाइलमध्ये आधी मराठी आणि लगेच कन्नड अशी दोन छोटी वाक्ये जोडून घेतली. हिंदी त्यात घेतली नाही. तीन भाषा एकापाठोपाठ आल्या की घोषणा संपेपर्यंत सल्लागारांचे बोलणे सुरू झालेले असते.

२८ ऑगस्ट

निवडक सभासदांसह रंगीत तालीम झाली. सर्व जण आपापल्या नेहमीच्या जागी होते, त्यामुळे जे ऐकू आले ते खरे होते: कुठे ब्लोअरचा ट्रॅक्टर, कुठे मोटर, कुठे गोठ्यातली म्हैस. शेतकऱ्यांना आत घेतानाच त्यांचा आवाज बंद ठेवायचा आणि बोलायचे तेव्हा त्यांनी १ दाबायचा, असा नियम ठेवला होता. सूचना नीट समजली तर हा नियम चालतो आणि नाही समजली तर बैठक कोलमडते. त्यामुळे भाषेचे खरे महत्त्व या एका वाक्यात होते.

कवठेमहांकाळचे एक आजोबा १ दाबून सलग बोलले आणि पुन्हा १ न दाबताच फोन खिशात ठेवून कामाला लागले. पुढची काही मिनिटे सर्वांनी त्यांच्या बैलांशी चाललेले बोलणे ऐकले. त्यानंतर सूचनेत बदल केला. आधी ती ‘बोलण्यासाठी १ दाबा’ एवढीच होती, आता ‘बोलायला १ दाबा, बोलून झाले की परत १ दाबा’ अशी आहे. आवाज चालू झाल्यावर वाजणारे ‘आपला आवाज आता चालू आहे’ हे वाक्य बदलून ‘आता सगळ्यांना तुमचं ऐकू जातंय’ असे केले. इतर सूचना ग्रांथिक वळणाच्या राहिल्या तरी चालतील, ही एक मात्र बोलीतच हवी.

६ सप्टेंबर

हस्तांतराची तयारी. चारही फोल्डरांची यादी, प्रत्येक फाइलचा मजकूर तिन्ही भाषांत लिहिलेला तक्ता आणि ध्वनिप्रक्रियेची आज्ञावली एका वहीत आणि एका पेन ड्राइव्हवर ठेवली. तक्त्यात कन्नड मजकूर कन्नड लिपीत आणि शेजारी देवनागरीत दिला आहे, म्हणजे कन्नड न येणाऱ्या ऑपरेटरलाही कोणती फाइल वाजली ते ताडता येईल. ॲस्टरिस्क अद्ययावत करताना इंग्रजी संच नव्याने उतरवला जातो आणि त्यात नवी नावे येऊ शकतात. त्यानंतर फोल्डर ताडणारी स्क्रिप्ट हाताने एकदा चालवावी, अशी सूचना वहीच्या पहिल्या पानावर लिहिली आहे. उद्या गणेश चतुर्थी, पुढचा आठवडा कोणी भेटणार नाही.

१९ सप्टेंबर

हंगामाची पहिली बैठक काल संध्याकाळी झाली. विषय छाटणीनंतर काड्यांना लावायची पेस्ट आणि पावसाची उघडीप न मिळाल्यास डावणी या बुरशीरोगासाठी घ्यायची काळजी हा होता. जत पूर्वचे सभासद शेवटपर्यंत लाइनवर होते आणि त्यांपैकी काहींनी १ दाबून कन्नडमध्ये प्रश्न विचारले. सल्लागारांना कन्नड येत नाही. जतच्या सदस्यांनी ते प्रश्न तेथल्या तेथे मराठीत सांगितले आणि उत्तर कन्नडमध्ये परत दिले. यंत्रणेच्या सूचना कन्नडमध्ये आल्यावर प्रश्नही कन्नडमध्ये येणार हे ओघानेच आले, तेव्हा पुढच्या बैठकीपासून सूत्रसंचालकाबरोबर कन्नड जाणणारी एक व्यक्ती दुसऱ्या आयपी फोनवर बसवावी आणि सल्लागारांनी पीआरआय लाइनवरून यावे, असे कार्यकारिणीला कळवले आहे. त्यामुळे बाहेरच्या सभासदांसाठी २९ जागा राहतील. एकूण मर्यादा ३२ आहे तीच राहत असल्याने ध्वनिफाइलींत बदल लागणार नाही.

हिंदीतील पिनच्या वाक्याची पातळी इतर दोन भाषांपेक्षा कमी वाटते, अशी एका व्यापाऱ्याची तक्रार आहे. मूळ फाइलवरून ती पुन्हा काढून सोमवारी बसवायची आहे.